पायदानाखालचा देखणा टाका

मित्रांनो, सिन्नरला नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यालगत पत्र्याची एक शेड आहे. तिच्या कोपऱ्यात, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांशेजारी मी पडून असतो. मी वायर वेल्डिंगचं जुनं मशीन. माझ्या पोटात बारीक तारेचं भेंडोळं आहे. गनचा खटका दाबला की तार आपोआप पुढे सरकते, वितळते आणि पत्र्याला पत्रा जोडते. एवढंच माझं काम, आणि ते मी चांगलं करतो. जे माझं काम नव्हतं तेही माझ्याकडून करून घेतलं. त्याची ही गोष्ट आहे आणि ती ऐकायला गोड नाही.

एका लहानशा कारखान्यात मला बनवलं. तांब्याची तार गुंडाळली, वर पत्र्याचा डबा चढवला, पुढे एक बटण बसवलं. त्या बटणाभोवती आकडे आहेत. शेवटच्या आकड्यापुढे माझी ताकद नाही, हे तिथे स्वच्छ छापलेलं आहे. पण आपल्याकडे मशीनवर लिहिलेलं वाचायची पद्धत नाही. मशीनला हार घालायची पद्धत आहे.

सत्याण्णव साली गोरक्ष आणि त्याची बायको उज्वला नाशिकच्या दुकानात आले. गोरक्ष घराच्या अंगणातच, याच शेडमध्ये, जीपगाड्यांची पत्र्याची कामं करायचा. त्याच्याकडे रॉडचं मशीन होतं. ते जाड लोखंडाला झकास, पण दाराचा पातळ पत्रा जोडायला जावं तर त्याची चाळण व्हायची. म्हणून त्याला वायरचं मशीन हवं होतं.

दुकानदाराने आधी माझ्या शेजारचं धिप्पाड मशीन दाखवलं. "मिस्तरी, एकदाच घ्यायचं तर हत्ती घ्यावा."

"हत्ती बांधू कुठं?" गोरक्ष म्हणाला. "घरात लाईट एका फेजची. तुमचा हत्ती लावला तर आळीतले टीव्ही बंद पडतील, मग लोक मलाच बांधतील."

मग दुकानदाराने मला सुरू केलं आणि एका नव्या चकचकीत पट्टीवर टाका मारून दाखवला. गोरक्षने तिकडे बघितलंही नाही. उज्वलाने पिशवीतून एका जीपच्या दाराचे दोन गंजके तुकडे काढून टेबलावर ठेवले.

"असला नवाकोरा पत्रा आमच्या दारात येत नाय, शेठ," ती म्हणाली. "ह्याच्यावर चालतंय का बघू."

दुकानदाराचं तोंड आंबट झालं, पण त्याने जोडून दिलं. गोरक्षने तो जोड शिकंज्यात धरला आणि हातोड्याने ठोकत ठोकत दुमडला. शेवटी पत्रा फाटला. जोडाच्या शेजारी फाटला, जोड तसाच राहिला. तेव्हा त्याने मला घेतलं. असं निवडावं मशीन. घरच्या गंजावर चालवून निवडावं आणि मोडून बघून निवडावं.

पुढची काही वर्षं माझी सुखाची गेली. जीपच्या कुजलेल्या फरश्या, दारं, मडगार्ड, मी सगळं शिवलं. निफाडहून माणसं यायची. माझ्या टाक्यावरून बोट फिरवत म्हणायची, "लय देखणा टाका हाय राव, शिंप्यानं घातल्यावानी." गोरक्ष हसायचा. जाड अँगल आला की मात्र तो मला बाजूला सारून रॉडचं मशीन ओढायचा. रॉडचा टाका खडबडीत यायचा, पण लोखंडात खोल उतरायचा. हा फरक गोरक्षला पक्का ठाऊक होता. म्हणून तर मला त्याचा राग येतो. ज्याला कळत नाही त्याच्यावर काय रागवायचं?

मग झुंबर आला. सिन्नर ते नाशिक वडाप जीप चालवायचा. जीपमध्ये नऊजणांची जागा, पण हा पंधरा भरायचा. आणखी पाच मागे लोंबकळावेत म्हणून त्याला पायदान हवं होतं. पायदान म्हणजे जीपच्या पाठीमागे, थेट चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, जोडलेली लोखंडी फळी. तिच्यावर माणसं उभी राहतात आणि टपाचं कॅरिअर धरतात. गोरक्षने रॉडने पहिला टाका मारला. झुंबर वाकून बघत म्हणाला, "हे काय मिस्तरी, कोंबडीनं उकिरडा उकरल्यावानी दिसतंय. त्या बारक्या मशीनचा मार की."

"ते पत्र्याचं हाय. जाडाला नाय चालत."

"मग बटन वाढव. का पलीकडच्या मिस्तरीकडं जाऊ? तो मारून देतो म्हणतोय."

गोरक्षने रॉडचा टाका घासून काढला आणि माझं बटण शेवटच्या आकड्यावर नेलं.

मित्रांनो, जाड लोखंड गार असतं. माझी वितळलेली तार त्याच्यावर पडते आणि लगेच थिजते, गार भाकरीवर तूप थिजावं तशी. वरून गोल, गुळगुळीत, एकसारखी. आत काहीच शिरलेलं नसतं. त्यात शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली, लाईट मंदावली आणि माझा होता तो जोरही गेला. दोन्ही बाजूंचे टाके झाले, काळा रंग मारला. झुंबर आणि त्याचे दोन सोबती पायदानावर चढून नाचले. काही हललं नाही. नवं असताना काहीच हलत नाही.

झुंबरची गाडी बघून दुसऱ्या आल्या. स्टँडवरच्या आल्या, निफाडच्या आल्या, चांदवडचा एकजण भाडं सोडून परत जाताना घाईघाईने करून गेला. सगळ्यांना देखणा टाका हवा होता. गोरक्ष आता नाही म्हणेनासा झाला.

आणि माझी झोप उडाली. झुंबरची जीप रोज सकाळी शेडसमोरून जायची. मागे पायदानावर गोरक्षचा धाकटा भाऊ लखन उभा असायचा. तो अंबडच्या कंपनीत कामाला होता. एका हाताने कॅरिअर धरायचा आणि दुसरा हात आमच्याकडे बघून हलवायचा. मला त्याचा हात दिसत नसे. मला फक्त पायदानाचा आवाज ऐकू यायचा. पुढे मोहदरीचा घाट, मागून येणारे ट्रक. पहिल्या पावसाळ्यापर्यंत आवाज बसका होता. पुढे तो खुळखुळायला लागला. माणसं म्हणायची, गाडी जुनी झाली. गाडी जुनी झाली नव्हती. एका बाजूचा टाका सुटला होता आणि लखनचं सगळं वजन दुसऱ्या बाजूला लटकत होतं. हे मला कळत होतं, पण मला सांगता येत नव्हतं. संध्याकाळी लखन घरी येऊन "वहिनी, चहा" म्हणायचा, तेव्हा कुठे माझा दिवस संपायचा.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात एका सकाळी झुंबरची भरलेली जीप आमच्या दारात थांबली. पुढच्या दाराची बिजागरी तुटली होती. माणसं पाय मोकळे करायला खाली उतरली. लखनही उतरला.

"पटकन एक टाका मार मिस्तरी," झुंबर म्हणाला. "लोकं कामाला चाललीत."

मला दोन हात आहेत. एका हातात गन, दुसरा हात म्हणजे अर्थिंगचा चिमटा. करंट गनमधून निघतो, गाडीच्या लोखंडातून फिरतो आणि चिमट्यातून माझ्याकडे परत येतो. वाट अखंड असेल तर माझा जाळ शांत चालतो; वाटेत कुठे जोड सुटला असेल तर तिथे ठिणग्या उडतात. त्या दिवशी गाडीला सगळीकडे रंग होता आणि रंगातून करंट जात नाही, म्हणून गोरक्षने चिमटा पायदानाला लावला. माणसांच्या बुटांनी तिथला रंग घासून गेला होता.

त्याने खटका दाबला. मी तडतडलो, थुंकलो, विझलो. त्याने गनच्या तोंडाचं नोझल साफ केलं, तार कापली, जाळावर सोडायचा गॅस बघितला. पुन्हा तेच.

"म्हातारं झालं तुझं मशीन," झुंबर म्हणाला. "मोडीत घाल आन् शेळी घे. ती निदान दूध दील."

"चिमटा दुसरीकडं लाव दादा, मला उशीर होतोय," लखन म्हणाला.

गोरक्ष चिमटा काढायला उठलाच होता. चिमटा हलला असता तर मी पुन्हा शहाण्यासारखा चाललो असतो आणि लखन पुन्हा मागे चढला असता. तेवढ्यात ओट्यावर मेथी निवडत बसलेली उज्वला म्हणाली, "अहो, काम पुढं चाललंय, मग मगाशी ठिणग्या मागं कशाच्या उडत व्हत्या?"

"कुठं?"

"त्या पायदानाच्या बुडाशी. दोनदा बघितल्या मी."

गोरक्ष गाडीखाली शिरला. हातोड्याचा एक हलका ठोका ऐकू आला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तळहातावर माझा टाका होता. अख्खा, सालीसारखा निघालेला. वरून देखणा आणि खालून सपाट. पायदानाच्या अँगलवरचा मूळचा काळा थर जिथल्या तिथे होता.

लखनने तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "दादा, मी ह्याच्यावर उभा व्हतो?"



"झालं ते झालं," झुंबर म्हणाला. "आता वरून एक मारून दे, संध्याकाळी बघू."

गोरक्षने मोठा हातोडा उचलला. दुसऱ्या बाजूचा टाकाही खिळखिळा झालेला; तिथे दोन घाव घातले आणि पायदान धुळीत पडलं.

"आरं, माझी मागची पाच माणसं कुठं घालू?"

"डोक्यावर घे," गोरक्ष म्हणाला.

झुंबरने त्याला नको नको ते ऐकवलं. गोरक्ष तोच हातोडा घेऊन जीप स्टँडवर गेला. मी जोडलेलं एकेक पायदान शोधून त्याने पाडलं. ड्रायव्हरांनी शिव्या घातल्या, एकाने कॉलर धरली. पुढे कित्येक दिवस आमच्या दारात गाडी आली नाही. निफाडच्या गाड्याही त्याने गाठल्या. चांदवडची तेवढी सापडली नाही. तो तिकडे जाऊन आला, पुन्हा जाऊन आला. नाव माहीत नाही, नंबर लक्षात नाही. एकाने सांगितलं, ती गाडी विकली. कुणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं.

त्यानंतर गोरक्षने मला हात लावला नाही. माझ्याकडे बघितलं की त्याला काय आठवतं ते मला कळतं. म्हणून मी या कोपऱ्यात आहे. माझ्या गनमध्ये गांधीलमाशीने माती भरली आहे.

मित्रांनो, माझ्यासारखी म्हातारी मशीनं तुम्हाला सांगतात की आम्हाला पुसा, तेल घाला, जपा. मला ते काही नको. गंजून जाईन, काय बिघडलं? मला एकच मागायचं आहे. जीपच्या पायदानावर उभं राहायची पाळी तुमच्यावरही येईल. ड्रायव्हर ओरडेल, मागचा ढकलेल, तुम्हालाही उशीर झालेला असेल. तरी चढण्याआधी एकदा खाली वाका. आणि रंगाखालचा टाका फार देखणा दिसला, तर चढू नका.