जळगाव, धुळे, जळगाव, धुळे

१९९८ चा भाद्रपद. तापीच्या वरच्या खोऱ्यात पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. जळगावच्या पूर नियंत्रण कक्षात मात्र सगळे निवांत होते, कारण नदीच्या वरच्या अंगाच्या मापन केंद्रातून येणारा नदीपातळीचा आकडा सकाळपासून आठ मीटरवरच होता. संगणकाचं जाळं सांभाळणाऱ्या शालिग्रामचं लक्ष त्या आकड्याखालच्या वेळेकडे गेलं. ती सकाळचीच होती. पाणी थांबलेलं नव्हतं. नवा आकडा येतच नव्हता.

केंद्राचा फोन लागेना. माहिती कोणत्या वाटेने जाते ते त्याने तपासलं. पडद्यावर ओळी उमटत गेल्या : जळगाव, धुळे, जळगाव, धुळे. पुढे काहीच नाही.

एक लाइन तुटली तर दुसरी असावी, म्हणून त्याने आणि धुळ्याच्या अभिमनने कालच दोन्ही कार्यालयांदरम्यान नवी जोडणी सुरू केली होती. माहितीची वाट ठरवायची जळगावची पद्धत आरआयपी, धुळ्याची ओएसपीएफ. दोन्हीकडचे राउटर, म्हणजे वाट दाखवणारी यंत्रं, एका जाळ्यातल्या वाटा दुसऱ्याला सांगत.

त्याने धुळ्याला फोन लावला. "अभिमन, वरचं केंद्र तुला कुठून दिसतं?"

"जळगावथीन, भाऊ. तुमनाच राउटर सांगी ऱ्हायना."

"माझा राउटर म्हणतो, धुळ्याहून."

अभिमनने आपल्या पडद्यावर पाहिलं. "म्हणजे आपनीच वाट आपलेच परत ई ऱ्हायनी?"

तसंच होतं. खरी वाट तीन टप्प्यांची होती. धुळ्याहून फिरून येताना ती एकाच टप्प्याची म्हणून सांगितली जात होती, आणि जळगावचा राउटर जवळची समजून तीच धरत होता. केंद्राला आकडा विचारणारा प्रत्येक निरोप दोन शहरांमध्ये घिरट्या घालून मरत होता.

शालिग्रामने राउटरच्या स्मरणातल्या वाटा पुसल्या. थोडा वेळ खरी वाट सापडली, आकडा हलला : अकरा मीटर. लगेच खोटी वाट परतली आणि आकडा तिथेच गोठला.

तो साहेबांच्या टेबलाकडे धावला. चोपडा तालुक्यात, अगदी नदीकाठी, त्याच्या थोरल्या बहिणीचं, झुंबरअक्काचं घर होतं.

"साहेब, काठची गावं हलवा!"

कार्यालयप्रमुख तोताराम चौधरी खुर्चीतून उठले. "एकच आकडा आलाय, तोही बिघडलेल्या लाइनवरून. खोटा निघाला तर?"

"दोष माझ्यावर घाला. पण आत्ता फोन करा."

चौधरींनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि फोन ओढला.

उपाय शालिग्रामला ठाऊक होता. ज्या वाटा जळगावनेच धुळ्याला सांगितल्या, त्या धुळ्याने परत जळगावला सांगायच्या नाहीत आणि जळगावने त्या ऐकायच्या नाहीत, अशी गाळणी दोन्ही राउटरवर बसवायची. पण एक अंक चुकला तर उरलेली वाटही बंद झाली असती. अभिमनला त्याने ते फोनवर सांगितलं आणि आपल्याकडचे अंक लिहायला घेतले. एकदा अंक चुकलाच. त्याने तो खोडून पुन्हा लिहिला.

"अभिमन, झालं?"

"व्हयनं. पुसा आते."

त्याने वाटा पुसल्या आणि केंद्राला पुन्हा विचारणा केली. उत्तर आलं, मग आणखी एक, मग येतच राहिलं. खोटी वाट परतली नाही.

पडद्यावर आकडा बदलला : बारा. थोड्या वेळाने तेरा. मघापर्यंत आकडा येत नव्हता म्हणून तो घाबरला होता. आता प्रत्येक आकड्याला दचकत होता.

दुपार कलल्यावर, गाव हलवलं होतं त्या टेकडीवरच्या शाळेतून अक्काचा फोन आला. तिचा आवाज ओळखू येत नव्हता.

"घर गयं रे भाऊ."

"माणसं, अक्का? माणसं?"

"बठ्ठी वरे शेतस. शेजारनी तानुबाई म्हशी सोडाले मांगे फिरनी व्हती. तिले झाडवरथीन काढं. जित्ती शे."

सगळी वर पोचली होती, तानुबाईही जिवंत होती. "तिथंच थांबा, खाली उतरू नका," शालिग्राम म्हणाला. पाणी अजून चढत होतं.