परसातली बादली

नवऱ्याची गळाची काठी आज नदीत टाकायचीच, असं ठरवून उमाबाई पौषातल्या रविवारी दिवस उगवायला मांजरेवर निघाल्या. थंडी अशी की दातावर दात वाजत होते.

सिद्धलिंग श्रावणात गेले. कालव्याच्या कचेरीत असताना एका साहेबानं बदली होताना त्यांना ही काठी दिली आणि हा नादही. गांडूळ नाही, पीठ नाही. गळावर दोऱ्या-पिसांची खोटी माशी बांधायची आणि लांब दोरानं ती पाण्यावर अलगद उतरवायची, की मासा फसतो. लिंगायताच्या घरात हे असलं! देवणीच्या बाजारात लोक तोंडावर चेष्टा करायचे.

"सोडून देतो गं मी मासे," सिद्धलिंग म्हणायचे.

"हाव, आन् मी खुळी!" उमाबाई म्हणायच्या.

धरायचं आणि सोडायचं, असला उद्योग शहाणं माणूस कशाला करील? तिकडंच भाजून खात असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. म्हणून नदीवरून आले की परसातल्या दगडावर गार पाण्याची बादली तयार. बंबातलं ऊन पाणी बाकीच्या घराला. अंघोळीआधी त्यांनी हात पुढं केला की या ओरडायच्या, "शिवू नका मला!" तीस हिवाळे हे चाललं. सिद्धलिंग कुडकुडत अंगावर तांब्या ओतायचे, पण कधी भांडले नाहीत. भांडत नाहीत म्हणजे खातातच, असा उमाबाईंनी हिशेब लावला होता.

आता माणूस गेल्यावर मात्र तोच हिशेब त्यांना झोपू देत नव्हता. आपण त्यांच्यावर अन्याय तर केला नाही ना, एवढं एकदा कळायला हवं होतं.

काठावर रामकिशन भोई जाळं ओढत होता. त्याची हयात याच पाण्यात गेलेली.

"अव्वा, तुमी? एवढ्या थंडीचं?"

"रामकिशन, तुला आण हाय, खरं सांग. आमचे मालक मासे खायचे का रं?"

रामकिशन इतका हसला की जाळं हातातून सुटलं. "मासे? अव्वा, त्येंच्यावानी खुळा माणूस ह्या नदीवर दुसरा झाला न्हाई! धरायचे, डोळे भरून बघायचे आन् सोडायचे. मला लई राग यायचा. आमी जाळं टाकून उपाशी, आन् हे हातातलं सोडून राहिले!"

त्यानं काठीवरची माशी त्यांच्या तळहातावर ठेवली. "हे बघा. गळाचं उलटं टोक पकडीनं चेपलंय. माशाला इजा होऊ न्हाई म्हणून."

उमाबाईंना टोक दिसलंच नाही. त्यांना दिसला माशीवर गुंडाळलेला लाल धागा. त्यांच्या इरकलीच्या पदराचा. एका वर्षी पदराचे धागे निघालेले दिसले, तेव्हा उंदीर कुरतडतात म्हणून त्यांनी घरात पिंजरा लावला होता, आणि सिद्धलिंग शहाण्यासारखे रोज त्यात भाकरीचा तुकडा ठेवायचे.

"मासा धरायच्या आधी हात लई येळ पाण्यात बुडवायचे," रामकिशन सांगत होता. "कोरड्या हातानं त्येचं अंग सोलतंय म्हणायचे. बोटं पार निळी पडायची बघा."

उमाबाईंनी वाकून पाण्यात हात घातला. दहापर्यंत मोजवलं नाही, कळ थेट कोपरापर्यंत गेली. असलेच हात घेऊन ते घरी यायचे, आणि आपण दूर सरायचो. एकदा, फक्त एकदा ते हात आपल्या हातात धरायला मिळावेत, म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला.

काठी त्यांनी नदीत टाकली नाही. तशीच खांद्याला लावून परत आणली.

घरी आल्या आणि बंब पेटवला. ऊन पाणी काढून परसातल्या दगडावर बादली ठेवली.

"आत्या, कुणाला पाणी काढलंय?" सून सुकन्यानं विचारलं.

उमाबाईंनी पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. अंगाला सोसेल इतकंच ऊन होतं. मग त्या दगडाशेजारी बसून राहिल्या. कुणी यायचं नाही, हे त्यांना कळत होतं. पाणी निवायला लागलं, तशा त्या उठल्या आणि बंबातला आणखी एक तांब्या त्यात ओतला.