बसच्या वाटेवरचं घर

एजंटने तिसऱ्या घराचं कुलूप काढलं आणि ताईने आत पाऊल टाकायच्या आधीच नाक मुरडलं. घर टायर दुरुस्तीच्या दुकानावर होतं. जिन्यात रबराचा वास कोंदलेला, स्वयंपाकघरात भरदिवसा दिवा लावायची पाळी, आणि न्हाणीघराचं दार असं, की आत गेलेल्या माणसाने ते एका पायाने धरून ठेवावं.

"हे घर आहे की गोदाम?" ताई म्हणाली. "अरे, तळ्याजवळचं ते घर काय वाईट होतं? ऊन होतं, वारा होता, तुझं ऑफिस चालत जाण्यासारखं. लिफ्टसुद्धा होती."

पण तिचा भाऊ ऐकत होता कुठे! तो पुढच्या खोलीच्या खिडकीला जाऊन चिकटला होता. खिडकीच्या बरोबर खाली बसथांबा होता. एक बस आली, थांबली, माणसं उतरली, चढली, आणि तरीही बस तशीच उभी राहिली. ड्रायव्हर आरामात बाटलीतून पाणी प्यायला. खिडकीजवळच्या सीटवरच्या एका आजोबांची टोपी इतकी स्वच्छ दिसत होती, की तिचा उसवलेला टाका मोजता आला असता. बस गेल्यावर तो मागे वळला. घबाड सापडल्यासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

"हेच घेऊ या," तो म्हणाला.

एजंट बिचारा इतका गोंधळला, की त्याने आणखी एक घर दाखवण्याची तयारी दाखवली. आपण दाखवलेलं सगळ्यात टाकाऊ घर गिऱ्हाईकाने हसत हसत घ्यावं, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

आता या माणसाची थोडी ओळख करून द्यायला हवी. त्याला सगळे 'टायमिंग' म्हणत. बस कंपनीच्या कचेरीत बसून कुठली गाडी किती वाजता कुठे पोचावी हे ठरवायचं, हा त्याचा धंदा. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या वेळा जमवल्या. स्वतःच्या घरात मात्र त्याची वेळ कधी जमली नाही. बायकोला बोलावंसं वाटे तेव्हा हा तक्त्यात डोकं घालून बसलेला, आणि हा डोकं वर काढी तोवर ती दमून झोपलेली. भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. शेवटी दोघांनी शहाण्या माणसांसारखं बसून वेगळं व्हायचं ठरवलं. तिला या महानगरात चांगली नोकरी मिळाली, मुलगी तिच्याबरोबर गेली. मुलीला वाटेल तेव्हा तिने बाबांकडे यावं, असं ठरलं. पण बाबा एका शहरात आणि मुलगी रात्रभराच्या प्रवासावर, मग तिला वाटून तरी काय उपयोग? म्हणून टायमिंगने दीड वर्ष खटपट करून इथल्या बस कंपनीत नोकरी मिळवली. हुद्दा एक पायरी खाली आला. ताईने डोक्याला हात लावला. तो म्हणाला, असू दे.

त्याला एकच गोष्ट हवी होती. मुलीने आपल्या पायांनी, आपल्या मनाने, त्याच्या घराचा जिना चढावा.

त्यासाठी माणसाने काय करावं? मुलीला विचारावं, की बाई गं, मी कुठे राहू? हा साधा प्रश्न कुणालाही सुचला असता. पण टायमिंगला सुचला नाही. त्याने बसमार्गांचा नकाशा टेबलावर पसरला, तिच्या शाळेवर एक बोट ठेवलं, तिच्या आईच्या घरावर दुसरं, आणि मधल्या रस्त्यावरचे थांबे तपासत गेला. त्यातच त्याला हा थांबा सापडला.

हा थांबा इतरांसारखा नव्हता. लांब पल्ल्याच्या प्रत्येक मार्गावर अशी एखादी जागा ठेवतात, जिथे वेळेआधी आलेल्या बसने उभं राहायचं आणि ठरलेल्या मिनिटालाच निघायचं. म्हणजे पुढच्या थांब्यांवरच्या लोकांची बस चुकत नाही. कचेरीत त्याला वेळेचा थांबा म्हणत. दुपारी त्या रस्त्यावर गर्दी नसे, त्यामुळे शाळा सुटल्यावरची बस तिथे हमखास लवकर पोचे आणि दोन-तीन मिनिटं उभी राही. टायमिंगने हिशेब केला. मुलगी उतरली तर सोन्याहून पिवळं. नाही उतरली, तरी दोन-तीन मिनिटं डोळे भरून दिसेल. अख्ख्या शहरात बापाने राहावं अशी याहून चांगली जागा कुठली?

त्याने तिला फोन केला. "भोपू, घर मिळालं! तुझ्या बसच्या वाटेवरच!" लहानपणी ती त्याच्या मांडीवर बसून गाडीच्या भोंग्याचा आवाज काढायची, तेव्हापासून ती त्याची भोपू.

"हो?" ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "छान."

त्याने 'छान' तेवढं ऐकलं. मधलं थांबणं ऐकलं नाही.

घर लावण्यात त्याने जिवाचं रान केलं. आतल्या खोलीत तिच्यासाठी टेबल, खुर्ची, दिवा. भिंतींना तिला आवडायचा तो पिवळा रंग. आवडायचा म्हणजे ती आठ वर्षांची असताना. आता ती सोळाची होती, पण बापाच्या मनात मुलं फार सावकाश वाढतात. कचेरीत त्याने पहाटेची पाळी मागून घेतली. दुपारी बस यायच्या आधी तो घरी पोचे, हातपाय धुऊन बाहेरचा शर्ट बदले आणि खिडकीशी उभा राही.

पहिल्याच सोमवारी ती उतरली! जिन्यावर पावलं वाजली तेव्हा त्याच्या छातीत इतकं धडधडलं, की दार उघडायचं सोडून तो उगाचच पडदा नीट करत बसला. ती आली, तिने घर पाहिलं, पिवळ्या भिंती बघून हसली. चहा प्यायली, शाळेतल्या एका विसरभोळ्या बाईंची नक्कल करून दाखवली. तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. निघताना तिने फोन बघितला आणि तिचा चेहरा उतरला. आईचे चार फोन येऊन गेले होते. आई ऑफिसातून मुद्दाम लवकर येऊन थांबली होती, दोघींनी मिळून खायचं म्हणून.

त्यानंतर ती रोज दिसू लागली, पण उतरेना. बस थांबे, ती खिडकीतून वर बघे, हात हलवी. हाही हलवी. दुसऱ्या आठवड्यात हात जरा कमी हलू लागला. तिसऱ्या आठवड्यात ती पलीकडच्या बाजूच्या सीटवर बसलेली दिसली, पाठमोरी, वेणी तेवढी दिसत होती. त्याने स्वतःची समजूत घातली, इकडून ऊन लागत असेल. माणूस हुशार असला की स्वतःला फसवायलासुद्धा चांगली कारणं शोधतो.

मग एके दिवशी त्याने फारच मोठं शहाणपण केलं. बस उभी राहिल्याबरोबर तो धावत खाली गेला आणि बिस्किटांचा पुडा घेऊन तिच्या खिडकीच्या काचेवर टकटक करू लागला. सगळी बस बघायला लागली. तिच्या शेजारची मैत्रीण तोंडावर हात ठेवून हसली. मुलीने काच सरकवली, पुडा घेतला, "थँक्यू बाबा," म्हणाली आणि मांडीवरच्या दप्तरात बघत राहिली. बस हलेना. ड्रायव्हरने कचेरीतला माणूस ओळखून सलाम ठोकला आणि वर विचारलं, "साहेब, थांबवू का अजून थोडी?"

"हो, थांबवा की!" टायमिंग खूश होऊन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. आजारी तर नसेल? फोन लावावा तर तिच्या आईला वाटायचं, हा पाळत ठेवतोय. ताईला फोन केला, तर ती म्हणाली, "तू जरा दम खा. सोळा वर्षांची पोर आहे, तिला का बसची फेरी समजतोस?" तो खिडकीशी उभा राहिला आणि एकामागून एक बसमधली डोकी बघत राहिला. आणि मागून दारावर थाप पडली.

दारात ती उभी होती. एक थांबा आधीच उतरून मागच्या गल्लीतून चालत आली होती. कपाळावर घाम होता.

"अगं भोपू! ये, ये. पाणी देऊ?"

"बाबा, एक सांगू? चिडणार नाहीस ना?"

तो बसला. ती उभीच राहिली.

"तू इथे घर घ्यायच्या आधी मला विचारायला हवं होतंस."

"म्हणजे? तुला आवडलं नाही? भिंती दुसऱ्या रंगाने—"

"भिंतींचं नाही रे!" तिचा आवाज चिरकला. "ती बस इथे थांबते ना, ती निघतच नाही. दार उघडं असतं. तू वर उभा असतोस. उतरले, तर आई घरी न खाता बसलेली असते. नाही उतरले, तर तू असतोस. तुम्ही दोघं एकदाच वेगळे झालात, बाबा. मला रोज व्हावं लागतं. मी बसून राहते, आणि मला वाटतं, मीच तुला सोडून चाललेय. रोज."

टायमिंग म्हणाला, "पण मी नुसतं बघतो गं. उतर असं कधी म्हटलंय?"

"म्हणत नाहीस. म्हणाला असतास तर नाही म्हणता आलं असतं."

आणि ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, खालचा ओठ दाताखाली धरून. त्याने तिला जवळ घेतलं. तिच्या डोक्यावर हनुवटी टेकायला गेला, तर ती आता तेवढी बुटकी राहिली नव्हती. कान कानाला लागला. मग तोही रडला. घर घेताना नकाशावर दोन बोटं ठेवली होती, त्या दोन बोटांच्या मधोमध आपण घर नव्हे, मुलीलाच दाबून ठेवलं होतं, हे त्याला आत्ता कळलं. आणि कळून तरी काय करणार होता तो?

"मी करतो काहीतरी," तो म्हणाला. "आणि खिडकीत उभा राहणार नाही. शप्पथ."

"घर बदल असं नाही म्हणत मी."

"नाही, नाही. तू येशील तेव्हा ये. रविवारी येशील?"

तिने नाक पुसलं. "मला वाटेल तेव्हा येईन. विचारू नकोस ना, बाबा."

"नाही विचारणार," तो म्हणाला. ती जिना उतरून गेली. खिडकीकडे न जाता तो पिवळ्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याने त्या मार्गाचं वेळापत्रक काढलं. वेळेचा थांबा पुढे न्यायचा, मोठ्या दवाखान्यासमोर. तिथे चढणारे जास्त, म्हाताऱ्या माणसांना चढायला वेळ लागतो, तेव्हा बस उभी राहायचीच असेल तर तिथे राहावी. कारण खरंच होतं. इतकं खरं, की आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचं नवल वाटावं. विभागाच्या मुख्य बाईंनी कागद वाचून चष्मा वर केला.

"टायमिंग, तुमचं घर तिथेच आहे ना? सगळे बस दारात थांबावी म्हणून अर्ज करतात, तुम्ही असलेली घालवताय?"

शेजारची दोघं-तिघं हसली. टायमिंगही हसला.

"बस पळायलाच हवी, मॅडम," तो म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने त्या थांब्यापुढे लिहिलेला उभं राहायचा वेळ खोडून टाकला. आयुष्यात त्याने हजारो वेळा असा वेळ खोडला होता. या वेळी त्याने खोडलेल्या जागेवर पुन्हा एकदा रेघ ओढली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता तरी त्या गोदामातून बाहेर पड. मी उद्याच एजंटला विचारते, तळ्याजवळचं घर अजून रिकामं असेल."

"नको, ताई. ती कधी आलीच, तर तिला माहीत असलेल्या घरी यावी."

"आणि नाही आली तर?"

ताई पलीकडे रडतेय हे त्याला ऐकू येत होतं, आणि लहानपणापासून हिला रडू आलं की आपण हिला हसवायचं, हा त्याचा नेम होता. त्या दिवशी त्याला एकही गंमत सुचली नाही.

नवीन वेळापत्रक लागलं त्या दुपारी तो घरीच होता. पाळी बदलून घ्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. कबूल केल्याप्रमाणे तो स्वयंपाकघरात गेला, दिवा लावला आणि पुढच्या खोलीच्या खिडकीकडे पाठ करून स्टुलावर बसला. गॅसवर आधण ठेवलं होतं, त्यात साखर घातली की नाही हे त्याला आठवेना. खाली दुकानात कुणीतरी चाकाचे बोल्ट पिळत होतं. मग ते थांबलं.

बस आली. दार उघडलं, दार मिटलं, बस गेली. त्याने लावून दिलं होतं तसंच, अगदी वेळेवर.