खारीक बसली

माझ्या नवऱ्याची कुत्री मेलेली माणसं शोधते. नव्या ओळखीत मी हे वाक्य शक्यतो टाळते, कारण ते ऐकलं की समोरची बाई आधी माझ्या हातांकडे बघते आणि मग मांडीवरच्या मुलीकडे.

नवरा पोलिसांच्या श्वानपथकात हँडलर आहे. कुत्रीचं नाव खारीक, रंगावरून पडलेलं. कुजलेल्या देहाचा वास आला की ती भुंकत नाही, उकरत नाही. नुसती खाली बसते. ती बसली की पुढची धावपळ माणसांची.

त्या मंगळवारी ती एका फ्रेमवाल्याच्या दुकानात बसली. तसबिरींना चौकटी करून देणारा साधा माणूस. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत त्याची मावशी एकटी राहायची. दहा दिवसांपूर्वी संध्याकाळी फिरायला म्हणून ती बाहेर पडली ती परत आलीच नाही. खोल्यांवरून मावशी-भाच्याचं मागे चांगलंच वाजलं होतं, हे गल्लीतल्या प्रत्येकाला ठाऊक. खारीक मागच्या कोठीत, काचा उभ्या करून ठेवतात तिथे बसली, आणि त्याच दुपारी फ्रेमवाल्याला आत टाकलं. दोन दिवस फरशी उखडली. खाली मातीशिवाय काही निघालं नाही.

"मग?" मी नवऱ्याला विचारलं.

"मग काय? तिथून हलवली असेल. वास मागे राहतो."

"आणि नदीकाठी शोधत होते ना?"

"ते थांबवलं. कुत्री बसल्यावर तिकडे कशाला माणसं घालवायची?" तो बूट काढत म्हणाला. मी त्याला नेहमीप्रमाणे सरळ न्हाणीत पिटाळलं. अंघोळ झाल्याशिवाय मुलीला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा. माझाच.

शुक्रवारी ठमीची लस होती. ठमी म्हणजे आमची मुलगी, चौदा महिन्यांची, नुकतीच चालायला लागलेली. दवाखान्यात बाकांवर मुंगी शिरायला जागा नव्हती, फक्त एका बाकावर एक बाई बाळाला घेऊन एकटीच बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी. मी जाऊन टेकले. ठमी मांडीवरून उतरली, चार पावलं टाकली आणि धपकन पडली. माझ्या तोंडून "अगं आई गं!" निघालं. ठमीने माझ्याकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि मग भोकाड पसरलं.

"तिला लागलेलं नाही हो," सिस्टर आतून ओरडल्या. "तुम्ही घाबरलात म्हणून रडतेय. आधी तुमचं तोंड बघते ती, मग ठरवते."

शेजारची बाई हसली. बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखी, गाल दुखल्यासारखी. मग दबक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही इथे नव्या दिसता. मी कोण माहीत नाही म्हणून बसलात."

"कोण?"

"त्या फ्रेमवाल्याची बायको." आणि मी उठतेय का ते बघत थांबली. मी उठले नाही. "मी म्हणते, यांनी काही केलेलं नाही. लोक म्हणतात, माणूस खोटं बोलेल, जनावर कशाला बोलेल? तुम्ही शिकलेल्या दिसता. खरं सांगा, कुत्र्याला खोटं बोलता येतं का हो?"

"नाही," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिने मान हलवली आणि बाळाच्या टोपीची नाडी सोडून पुन्हा बांधली. त्यांचा नंबर पुकारला तेव्हा ती उठून गेली, आणि मी कोण हे तिला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणणं सोयीचं. मी सांगितलं नाही, हे खरं.

शनिवारी ठमी झोपल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "दुकानातला तो व्हिडिओ दाखव ना." प्रत्येक तपासाचं चित्रण ठाण्यातला एखादा शिपाई नवऱ्याच्या मोबाईलवर करतो, पुरावा म्हणून. नवऱ्याने मोठ्या कौतुकाने फोन दिला आणि दाढी करायला गेला.

मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला.

सुरुवातीला साहेबांचा आवाज येतो: "पुढचं जाऊ द्या, मागची कोठी नीट बघा." खारीक कोठीत शिरते. काचांपाशी जाते, हुंगते, पुढे जाते. नवरा तिला वळवून परत आणतो. ती पुन्हा हुंगते, पुन्हा पुढे. तिसऱ्या खेपेला नवरा काचांपाशी थांबतो. पट्टा किंचित आखडतो. खारीक वर त्याच्या तोंडाकडे बघते. एक क्षण. आणि बसते.

ती नजर मला ओळखीची होती. आदल्याच दिवशी दवाखान्याच्या फरशीवरून माझ्याकडे वळलेली.

"इकडे ये," मी हाक मारली. तो अर्ध्या गालावर साबण घेऊन आला. मी दाखवलं. एकदा, दोनदा, थांबवून.

"बघते म्हणजे? बसायच्या आधी बघतेच ती. बक्षिसाचा चेंडू माझ्याकडे असतो."

"पण दोनदा पुढे गेली ना ती? तू थांबलास तेव्हाच का बसली?"

"वास पकडायला वेळ लागतो गं." मग तो हसला. "तुला ना, पाण्याच्या पेल्यातही पोर बुडताना दिसतं. कालच पांघरुणाची लेस कापून टाकलीस, ठमीच्या गळ्यात अडकेल म्हणून."

ते खरं होतं. माझ्या काळजीला आमच्या घरात कुणी भाव देत नाही, आणि खरं तर मीही फार देत नाही. शंभरातल्या नव्याण्णव काळज्या फुकट जातात. पण ही डोक्यातून जाईना. ती बाई बाकावर एकटी बसलेली सारखी दिसत होती.

"सरावाला वासाची बरणी कोण लपवतं?" मी विचारलं.

"मी."

"आणि शोधायला कुत्रीला कोण नेतं?"

"मीच. दुसरं माणूस आहे कुठे पथकात?"

"म्हणजे आठ वर्षं तूच लपवतोस आणि तूच शोधतोस."

तो वळला. आत जाऊन उरलेली दाढी केली आणि कानाखाली कापून घेतलं.

मी रसायनशास्त्रात पदवी घेतलीय. त्याचा घरात उपयोग एवढाच की मी कपड्यांचे डाग चांगले काढते. पण आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी एक सवय हाडात भिनवली होती: खरा नमुना तपासायच्या आधी कोरा तपासायचा. ज्यात काहीच नाही असा. कोऱ्यातही रंग आला, तर दोष नमुन्यात नाही, आपल्या हातात आहे.

रविवारी सकाळी त्याचा सराव असतो, आमच्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात. शवागारातून मिळालेल्या वासाच्या पट्ट्या एका घट्ट बरणीत असतात, ती बरणी कुलपाच्या पत्र्याच्या पेटीत आणि पेटी बाहेरच्या शेडमध्ये. त्या शेडच्या दहा पावलं जवळ मी कधी जात नाही. म्हणून मी हातमोजे मागितले तेव्हा त्याचे डोळे विस्फारले.

"तू ठेवणार? बरी आहेस ना?"

"तुझी कंबर धरलीय ना. आण इकडे किल्ली."

मी ठमीच्या डायपरचे सहा कोरे खोके अंगणात ओळीने मांडले. शेडमध्ये गेले, पेटी खडखडवली, थोडा वेळ थांबले, आणि बाहेर येऊन खोक्यांची झाकणं एकेक करून उघडली, मिटली. मग आत त्याला सांगितलं, "चौथ्यात."

ठमीला कडेवर घेऊन मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. मनात एकच होतं, माझं चुकू दे. खारीक न बसू दे. मग मी जन्मभर वेडी ठरले तरी चालेल, पांघरुणांची लेस कापणारी.

खारीक पहिल्या फेरीत सहाही खोके हुंगत सरळ गेली. चौथ्यापाशीही थांबली नाही. नवऱ्याने तिला परत आणलं. चौथ्यापाशी त्याचं पाऊल रेंगाळलं. त्याला ते कळलंही नसेल. मला खिडकीतून कळलं. खारीकने मान वर केली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

आणि बसली.

"शाब्बास माझी राणी!" त्याने चेंडू फेकला. मग माझ्याकडे वळून बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला अजून विसरता आलेला नाही.

"खोका उघड," मी म्हणाले.

त्याने उघडला. हात घालून तळ चाचपला. मग पाचवा उघडला, तिसरा, मग सगळे.

"बरणी कुठाय?"

"पेटीतच."

खारीक चेंडू तोंडात घेऊन आमच्या दोघांमध्ये उभी होती, शेपूट हलवत.

"तू मला फसवलंस," तो हळूच म्हणाला.

"हो."

"तिलाही."

"तिला मी एक शब्द बोलले नाही. तिला जे सांगितलं ते तू."

तो पायरीवर बसला. मला वाटलं होतं ओरडेल, आदळआपट करेल. त्याची तयारी मी केली होती. तो जेवलाही नाही. दुपारी त्याने कपाटातून आठ वर्षांच्या डायऱ्या काढल्या आणि जमिनीवर पसरून बसला. खारीक जिथे जिथे बसली त्या नोंदींवर बोट ठेवत जात होता. काही ठिकाणी माणूस सापडला होता. काही ठिकाणी काहीच सापडलं नव्हतं, आणि तिथे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: "देह हलवला असण्याची शक्यता."

"हे वाक्य मी नऊ वेळा लिहिलंय," तो म्हणाला. "नऊ वेळा. आणि एकदाही मला शंका आली नाही. ती चुकूच शकत नव्हती ना. सापडला तर ती बरोबर, नाही सापडला तरी बरोबर." मग डायरी मिटून, "यातले दोघं अजून आत आहेत."

मी त्याच्याजवळ बसले. ठमी डायऱ्यांवरून रांगत गेली, त्याने तिला अडवलं नाही.

सोमवारी तो साहेबांकडे गेला. साहेब काय म्हणाले ते त्याने मला अर्धंच सांगितलं. "बायकोच्या खोक्यांवरून आता पोलीस तपास चालवायचा का?" एवढंच वाक्य सांगितलं. पण त्याने लेखी दिलं होतं, आणि लेखी दिलेलं साहेबांना गिळता येईना. गुरुवारी लांबच्या पथकातून दुसरा कुत्रा आला. त्याच्या हँडलरला काही सांगितलं नाही; गल्लीतली चार दुकानं दाखवली, एवढंच. तो कुत्रा फ्रेमवाल्याच्या कोठीतून शेपूट उडवत निघून गेला. तरीही फ्रेमवाल्याला लगेच सोडलं नाही. पण नदीकाठचा शोध पुन्हा सुरू झाला.

त्यासाठी खारीकला बोलावतील असं नवऱ्याला वाटत नव्हतं. माणसंच कमी पडली म्हणून बोलावलं. त्याने साहेबांना अट घातली: मावशी कुठे जायची, कुणी तिला कुठे पाहिलं, यातलं एक अक्षर मला कळू देऊ नका.

तो परतला तेव्हा ऊन कलत होतं. बूट न काढताच दारात उभा राहिला.

"सापडली," तो म्हणाला. "जुन्या धोबीघाटाखाली, वेलींमध्ये. पाय घसरून मावशी पडली असावी, डॉक्टर बघतील. मी तर त्या बाजूला जाणारच नव्हतो. वाटलं, म्हातारी बाई इतक्या खडकांतून कशी उतरेल? मी पट्टा ओढत होतो, चल म्हणत होतो. खारीक हलेना. बसली. आणि..." त्याने टोपी काढली. "या वेळी तिने माझ्याकडे बघितलंच नाही. समोरच बघत होती."

मी त्याला न्हाणीत पिटाळलं नाही. ठमी त्याच्या चिखलाच्या बुटांना जाऊन बिलगली आणि मी तेही होऊ दिलं.

पुढच्या महिन्यात लसीच्या दिवशी ती बाई बाकावर होती. तिच्या दोन्ही बाजूंना आता माणसं बसली होती, आणि आधी कधी उठलोच नव्हतो असा त्यांचा आव होता. मला बघून ती सरकली. तिचा नवरा सुटून आला होता. दुकान अजून उघडत नव्हता. कोठीत जायला नको म्हणतो, ती म्हणाली.

मी ठमीला घट्ट धरलं आणि सांगून टाकलं. "ती कुत्री आमची. हँडलर माझा नवरा आहे. त्या दिवशी मला बोलायला हवं होतं."

तिने बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं. शिव्या देईल तर देऊ दे, असं मी ठरवूनच आले होते.

"म्हणजे कुत्री खोटं बोलली," ती म्हणाली.

"नाही. तिने माझ्या नवऱ्याचं मन राखलं. नवऱ्याने साहेबांचं."

"आणि आम्ही?" तिने विचारलं.

तेवढ्यात तिचा नंबर पुकारला. ती उठली, बाळाला खांद्यावर घेतलं, आणि जाता जाता पिशवी माझ्या बाकावर ठेवली. "बघा जरा," म्हणाली. मी पिशवीवर हात ठेवून बसले, ती परत येईपर्यंत.