आप्पांची बडीशेप

बेलापुरात कानिफनाथ आप्पांना "रेडिओ" म्हणत, आणि आप्पांना त्याचा रागही नव्हता. पहाटे गाईच्या धारेला बसले की बोलणं सुरू, ते अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. ऐकायला माणूस नसलं तर गाईशी, गाय नसली तर विहिरीवरच्या मोटरीशी. बायको मालनबाई होत्या तोवर म्हणायच्या, "देव ह्यास्नी कान द्यायला इसरला, आन् कानाच्या मातीचीबी जीभच केली."

अशा माणसानं स्वतःच्या घरात वर्षभर तोंड मिटून काढलं होतं. भांडण नव्हतं, काही नव्हतं. नातू ओम नर्सरीत जायला लागला आणि पालकसभेत सांगितलं गेलं, की घरी मुलांशी इंग्रजीतच बोला. सून राजनंदिनी ते गाठीला बांधून आली. मुलगा हनुमंत कारखान्यातल्या पाळ्यांमुळे घरात असून नसल्यासारखाच, त्यामुळे सुनेनं सासऱ्यांनाच गाठलं. "आप्पा, पाया पडते, पण ओमपुढं आपलं बोलनं नको. इंग्रजी येत नसलं तर गप बसा."

आप्पा गप बसले. नातवाचं भलं होत असेल तर जीभ दावणीला बांधायला त्यांची तयारी होती. लागलंच तर "कम", "सिट", "ईट" आणि "नो" एवढे शब्द ते शिकले होते. कधीकधी त्यांच्या मनात यायचं, की आपण बैलांशीसुद्धा याहून जास्त बोलत होतो.

ओमला चौथं लागलं आणि घरातले त्याचे शब्द मोजायला लागले. पोराला "नो", "गो" आणि "मिल्क" याच्यापुढं काही येत नव्हतं. पाहिजे त्या वस्तूकडे बोट करायचा, नाही समजलं तर भुईवर लोळण घ्यायचा. नगरला नेऊन कान तपासले, कान ठणठणीत निघाले. शेवटी कुणीतरी श्रीरामपूरच्या भार्गवी मॅडमचं नाव सांगितलं. मुलांना बोलतं करणं हाच त्यांचा व्यवसाय होता.

मॅडमनी ओमपुढं खेळणी मांडली आणि सहज विचारलं, "घरात याच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलतं?"

"मीच. इंग्लिशमध्ये," राजनंदिनी म्हणाली.

"काय काय बोलता?"

राजनंदिनीनं सांगायला सुरुवात केली आणि चार-पाच वाक्यांतच तिचं सगळं संपलं. ऊठ, दूध पी, बूट घाल, रडू नको. तिलाच ते ऐकताना कसंसं झालं असावं.

"आणि लाड कुठल्या भाषेत येतात तुम्हाला?"

या साध्या प्रश्नाला राजनंदिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मॅडम, कॉलेजात पहिल्या दिवशी उभी राहून आपल्या बोलीत बोलले, तर अख्खा वर्ग हसला. परत तीन वर्षं मी हात वर केला न्हाई. माझ्या पोराला कुनी हसू नये, एवढंच वाटत हुतं मला."

"हसणाऱ्यांना अक्कल नव्हती. तुमच्या बोलण्यात काही खोट नव्हती," मॅडम म्हणाल्या. "याला आधी एक भाषा पोटभर मिळू द्या. गोष्टी, भांडणं, थट्टा, सगळं. मग इंग्रजी तो आपणहून मागेल. घरात आणखी कोण आहे बोलणारं?"

राजनंदिनीनं मान खाली घातली आणि हळूच शेजारी बसलेल्या सासऱ्यांकडे बघितलं.

वर्षभर अडलेलं पाणी पाटाला सुटावं तसे आप्पा सुटले. श्रीरामपूरपासून बेलापूरपर्यंत एसटीत कंडक्टरलासुद्धा बोलायला जागा मिळाली नाही. घरी आल्यावर तर विचारू नका. ही जांभळ कुणी लावली, हा मुंगळा कुठं चालला, प्रवरेला पूर आला तेव्हा काय काय वाहून आलं. ओम त्यांच्या मांडीवर चढून बसायचा, खदखदा हसायचा, त्यांच्या मिशा ओढायचा. बोलत मात्र नव्हता. महिना गेला तसे आप्पा मनातून खचायला लागले. आपल्या बोलण्यात काही दमच उरला नाही की काय, असं त्यांना वाटायला लागलं.

पुढच्या खेपेला मॅडमनी आजा-नातवाला खेळायला बसवलं आणि आपण कोपऱ्यात बसून बघत राहिल्या. मग हसू दाबत म्हणाल्या, "आप्पा, प्रश्न तुम्ही विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. तो तोंड उघडेपर्यंत तुम्ही पुढच्या गावाला पोचलेले असता. विचारा आणि थांबा."

"किती थांबू?"

"तुम्हाला सोसणार नाही इतकं. आणि मग अजून थोडं."

आप्पांनी कपाळाला हात लावला. अजिबात न बोलणं एकवेळ सोपं, बोलता बोलता थांबणं महाकठीण. दोन दिवस प्रयत्न करून हरले. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर बडीशेपेची डबी हातात असताना त्यांना सुचलं. प्रश्न विचारायचा आणि लगेच तोंडात बडीशेपेची चिमूट टाकायची. ती चावून संपेपर्यंत बोलायचं नाही. तोंडात घास असताना बोलू नये हे त्यांच्या आईनं त्यांना मारून शिकवलं होतं, आणि तेवढा एकच नियम त्यांनी जन्मभर पाळला होता.

गोष्ट एकच धरली, त्यांच्या चिमणी म्हशीची. ही चिमणी म्हणजे अंगानं हत्ती. ती प्रवरेत गळ्याइतक्या पाण्यात जाऊन बसली आणि निघेना. आप्पा कपडे आणि टोपी काठावर ठेवून पाण्यात उतरले, तशी बाई वळसा घालून त्याच काठावर बाहेर.

"आन् भाईर येऊन चिमनीनं काय केलं?" आप्पा विचारायचे आणि बडीशेप तोंडात टाकायचे.

ओम त्यांच्या हलणाऱ्या जबड्याकडे बघत राहायचा. उत्तर आप्पांच्या जिभेवर येऊन धडका मारायचं, डोळ्यांत पाणी यायचं, पण ते चावत राहायचे. दारात उभ्या राजनंदिनीची तव्यावरची भाकरी करपायची. मग आप्पा स्वतःच शेवट सांगून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

एके दुपारी आप्पा चावत असताना ओमनं त्यांचा गुडघा गच्च धरला. त्याचे ओठ दोनदा हलले.

"टोपी," तो म्हणाला. मग मोठ्यानं, "टोपी खाल्ली!"

आप्पांना ठसका लागला. राजनंदिनी पिठाच्या हातानं धावत आली आणि पोराला छातीशी धरून रडायलाच लागली. ओमला एवढं काय झालं ते कळेना. टोपी म्हशीनं खाल्ली होती, आई का रडत होती?

त्यानंतर शब्द येत गेले, आधी एकेक, मग जोडीनं. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी हनुमंत लवकर घरी आला होता आणि सगळे ओसरीवर बसले होते. ओम मध्ये येऊन उभा राहिला.

"चिमनी पान्यात बसली. आप्पा ओले झाले. चिमनीनं टोपी खाल्ली. मंग चिमनी एस्टीत बसली, शिरामपूरला गेली, आन् नवी टोपी आनली. लाल."

आप्पांनी लगेच तोंड उघडलं. "न्हाई रं बाळा, एस्टी कुटली? तवा तर..."

ओम तरातरा आत गेला आणि डबी घेऊन आला. झाकण उघडून त्यानं आपल्या इवल्या मुठीत मावेल तेवढी बडीशेप घेतली आणि आजोबांच्या तोंडात कोंबली.

"आप्पा, तुमी खा," तो म्हणाला. "माजं सांगून झालं न्हाई."