युरोपातला तपकिरी कोळसा

अमेरिकेत पार्सिपनी गावातल्या त्या कन्सल्टिंग कंपनीत साहेबाला तोंडावर नाही म्हणायची कुणाची प्राज्ञा नव्हती. १९८६ साली पद्मजा देशकरने ते म्हटलं.

नागपूरची ही भूगर्भशास्त्राची एम.एस्सी. खाणीतली यंत्रं विकणाऱ्या एका क्लायंटला युरोपात धंदा वाढवायचा होता, म्हणून कित्येक महिने ती तिथल्या लिग्नाइटचे, म्हणजे तपकिरी कोळशाचे, आकडे जमवत होती. हॅन्लीसाहेबाला मात्र आलेखावर सगळ्या युरोपची मिळून एकच वर चढणारी रेघ हवी होती.

"ही रेघ चढते ती मुख्यतः पूर्व जर्मनीमुळे," पद्मजा म्हणाली. "त्या कम्युनिस्ट देशात आपल्या क्लायंटला कोण दारात उभं करणार? पश्चिम जर्मनीत उत्पादन उतरतंय. देश वेगवेगळे दाखवायलाच हवेत. मी एकच रेघ काढणार नाही."

"मग तुझ्या टीममधला फ्रँक काढेल. आणि मीटिंगमध्ये तोच बोलेल. तुझे उच्चार त्या लोकांना कळायचे नाहीत."

हे तिच्या वर्मी लागलं. घरी नवरा, श्रीरंग, हवालदिल झाला. "सोड ना यार! जॉब गेला तर ग्रीन कार्डचं काय करायचं?"

"फ्रँकला खुशाल बोलू दे. चुकीचं बोलला तर मी गप्प बसायची नाही."

आणि ती बसली नाही. मीटिंगमध्ये फ्रँकने रेघ दाखवली तशी ती उठली आणि स्वतःचा आलेख टेबलावर पसरून एकेक देश समजावून सांगू लागली.

"पूर्व जर्मनीचे आकडे खरे कशावरून?" क्लायंटच्या म्हाताऱ्या डायरेक्टरने विचारलं.

"त्यांनी छापलेत, एवढंच मला ठाऊक. खात्री मी देणार नाही."

हॅन्लीने कपाळावर हात मारला.

"मग आम्ही जावं कुठे?"

"ग्रीसमध्ये. तिथे उत्पादन वाढतंय आणि तुम्हाला विकताही येईल."

युरोपभरचं मोठं काम कंपनीच्या हातून गेलं. मिळाला तो ग्रीसपुरता लहानसा अभ्यास. हॅन्ली बरेच दिवस तिच्याशी धड बोलला नाही. अखेर एका दुपारी ग्रीसची फाइल तिच्या टेबलावर ठेवून एवढंच म्हणाला, "क्लायंटने तुझंच नाव घेतलंय."

दुसऱ्या दिवशी पद्मजा इतरांच्या आधी ऑफिसात पोचली. अथेन्समध्ये तेव्हा दुपार होती. कोट न काढताच तिने तिथल्या खाण खात्याला फोन लावला.