डोक्याची मागची बाजू

शनिवारी सकाळी नोरीन टलीनं केस धुतले, विंचरले, पुढून भांग पाडून एकेक बट गुलाबी रोलरवर गुंडाळली आणि कानांच्या मागं आल्यावर तिचे हात थांबले. दर शनिवारी इथंच थांबायचे. पुढचं डोकं आरशात दिसतं, बाजूपर्यंत हात पोचतो, पण मागचं डोकं देवानं दुसऱ्या कुणाच्या तरी हवाली केलेलं असतं. नोरीनच्या बाबतीत ते दुसरं कुणीतरी म्हणजे डॉट होती.

डॉट शेजारच्या घरात राहायची. शनिवारी दुपारी ती मागच्या दारानं यायची, गरम रोलर्सचा डबा ओट्यावर ठेवून बटण दाबायची, आणि चहा होईस्तोवर रोलर्स तापायचे. मग आधी नोरीनची मागची बाजू, नंतर डॉटची. सगळ्या गल्लीच्या चहाड्या त्या वेळात व्हायच्या. असं तीस वर्षं चाललं. मग गेल्या वर्षी साठी उलटलेल्या या बाईला चर्चच्या क्लबात नाचता नाचता केन नावाचा निवृत्त प्लंबर भेटला, आणि दोघं सरळ स्पेनला समुद्रकाठी राहायला गेली. जाताना डॉटनं डबासुद्धा नेला. डबा तिचाच होता, त्यामुळं तक्रारीला जागा नव्हती. नोरीन तरीही करायची, मनातल्या मनात आणि दर शनिवारी.

डॉट आता फोनवर कोळंबीचे फोटो पाठवायची. कोळंबी छान दिसायची.

शनिवारी रोलर्स घालूनच गावात हिंडायचं, ही लिव्हरपूलच्या बायकांची रीत. बाहेरचे लोक, त्यातही मँचेस्टरचे, नाकं मुरडतात. मुरडू देत, त्यांना कोण बोलावतंय रात्रीचं? डोक्याला रोलर्स म्हणजे आज रात्री या बाईला जायला ठिकाण आहे. लग्न असेल, वाढदिवस असेल, नाच असेल, काही नाही तर मैत्रिणींचा घोळका असेल. मग बसचा ड्रायव्हर विचारतो, पाववाली विचारते, दुकानाच्या दारातला रखवालदार विचारतो, "आज कुठं स्वारी, राणी?"

नोरीन त्या प्रश्नासाठीच रोलर्स घालायची. तिला कुठंच जायचं नसायचं. डॉट गेल्यापासून एकाही शनिवारी तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि क्लबात एकटीनं जायचं म्हणजे कोपऱ्यातलं टेबल धरून दुसऱ्यांचे कोट सांभाळत बसायचं. कुणीतरी आपल्याला म्हणावं, चल गं, एवढीच तिची इच्छा होती. पण कुणी म्हणत नाही हे लोकांना कळलं असतं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. म्हणून पुढं गुलाबी रोलर्स, मागचे सपाट केस झाकायला रुमाल, आणि गावात जायची बस.

आज एक काम होतं मात्र. स्वतःचा कर्लर घ्यायचा. डॉटच्या डब्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता.

दुकानातली मुलगी नोरीनची नात शोभावी अशा वयाची होती. छातीवरच्या बिल्ल्यावर 'केली' असं नाव, आणि भुवया इतक्या ठळक की बोलायच्या आधी त्याच बोलायच्या. "काय दाखवू, राणीबाई?"

"केसांना वळण आणायचं काहीतरी. घरच्या घरी."

"हा बघा, चिमट्याचा. बटेचं टोक चिमट्यात धरायचं, गुंडाळायचं, जरा थांबायचं, सोडायचं. ही नुसती दांडी, हिला चिमटा नाही. हातमोजा घालून केस हातानंच गुंडाळायचे. वळण मोकळं पडतं, पण बोटं भाजतात, आधीच सांगते, नंतर माझ्या नावानं खडे फोडू नका. जाड दांडी घेतलीत तर लाटा येतील. बारीक घेतलीत तर मेंढी."

"मेंढी?"

"माझी आजी. ऐन ख्रिसमसला. फोटो आहेत, पण दाखवले तर मारेल ती मला." केलीनं आणखी एक खोकं पुढं ओढलं. "आणि हे नवीन आलंय. बट याच्या तोंडाशी धरली की आपोआप आत ओढून घेतं, वळवतं, वाजतं, सोडतं. मागचंसुद्धा न बघता होतं. एकट्या बाईला तर हेच, दुसरं काही बघूच नका."

ते यंत्र अंड्यासारखं गोल आणि पांढरं होतं. नोरीननं हातात घेतलं. हलकं होतं. खरं म्हणजे तिला हवं होतं ते हेच, आणि ते तिला हातात धरल्या क्षणी कळलं.

"केस पातळ आहेत तुमचे, फार ताप नको द्यायला," केली तिच्या रोलर्सकडं बघत म्हणाली. "मागचं कोण करतं तुमचं?"

सरळ प्रश्न होता. पण नोरीनला भर दुकानात कुणी रुमाल ओढून काढल्यासारखं वाटलं.

"डॉट करते," ती म्हणाली. "शेजारीच असते. पहिल्यापासून तीच करते."

"मग विषयच संपला! गरम रोलर्सचा डबाच घ्या. दोघींचं एकदम होईल. पातळ केसांना यासारखं दुसरं काही नाही, फक्त मागं कुणीतरी लागतं. ते तर आहेच तुमच्याकडं." केलीनं पांढरं यंत्र परत ठेवलं आणि भला मोठा डबा काढला. "आज कुठं स्वारी?"

"भाचीचा साखरपुडा आहे."

नोरीनला भाची नव्हती. एक भाऊ होता, तो कॅनडात, आणि त्याला दोन दांडगे मुलगे. पण साखरपुडा मात्र आता चांगला रंगात आला होता. सकाळी बसच्या ड्रायव्हरला तिनं हॉलसुद्धा सांगून टाकला होता.

डबा घेऊन ती बसथांब्यावर आली तेव्हा नदीवरून वारा सुटला होता. एका हातानं डबा, दुसऱ्यानं रुमाल असं धरून ती उभी राहते न राहते तोच मागून हाक आली.

"नोरीन टली! अगं कुठं उलथली होतीस?"

जोसी मॅग्रा. दोघींनी एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटांत वाटाणे वाढण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. जोसीचा आवाज अजून तसाच होता, हजार पोरांवरून पलीकडं जाणारा. डोकं मात्र उघडं होतं, रोलर नाही की पिन नाही, केस दोन्ही बाजूंनी मरगळून लोंबत होते.

"सकाळी तुझ्या दारात उभी होते मी. बेल वाजवून वाजवून बोट दुखलं माझं."

"माझ्या दारात? का गं?"

"क्लबात नाच आहे ना आज! तिकिटं कधीच संपली, लोक दारात विनवण्या करतायत. माझ्याकडं दोन होती, मी आणि आमची पॉलीन." पॉलीन म्हणजे जोसीची भावजय. "तर त्या बयेचं सकाळपासून डोकं धरलंय. म्हटलं एक तिकीट कशाला वाया घालवा, नोरीनला विचारावं. ती आणि डॉट काय नाचायच्या! पण काय उपयोग, तू तर..." तिनं नोरीनच्या रोलर्सकडं मान उडवली. "तुझं आधीच ठरलंय. कुठं स्वारी?"

कुठंच नाही. हे दोन शब्द नोरीनच्या जिभेवर आले होते. चल गं असं कुणीतरी म्हणावं म्हणून ती वर्षभर वाट बघत होती, आणि ते कुणीतरी बसथांब्यावर पुढ्यात उभं होतं, कोटाच्या खिशात तिकीट घेऊन. फक्त मग रोलर्स कशाला घातलेस हा प्रश्न आला असता. त्याचं उत्तर काय देणार होती ती? आणि वर्षभर तिच्या तोंडाला एकाच उत्तराची सवय लागली होती.

"साखरपुडा," ती म्हणाली. "भाचीचा."

"वा! मजा आहे बाई तुझी." जोसी मनापासून म्हणाली, आणि तेच जास्त लागलं. "मग मी तरी एकटी जाऊन काय दिवे लावणार? टोस्ट खाते नि पडते गुपचूप."

जोसीला पॉलीनकडं डोकावून घरी जायचं होतं, तिची बस आधी आली. खिडकीतून तिनं हात हलवला. नोरीननंही हलवला आणि मग घरापर्यंत स्वतःला शिव्या घातल्या, शाळेत पोरांसमोर ज्या देता येत नसत त्या सगळ्या.

घरी तिनं डबा उघडला. रोलर्स ओळीनं उभे होते, झाकणात पिना. चहा केला, रोलर्स तापले, सगळं अगदी पूर्वीसारखं झालं. मग तिनं हात मागं नेऊन एक बट धरली, रोलर लावला, तो घसरला आणि मानेला चटका देऊन कॉलरमध्ये पडला. दुसरा लावला, तो केसांत असा गुंतला की काढताना डोळ्यांत पाणी आलं. पाठीमागं दुसरा आरसा धरून बघितलं, तर डावं उजवीकडं आणि उजवं डावीकडं. शेवटी ती खुर्चीत बसली आणि रडली. चटक्यासाठी नाही. इतक्या मोठ्या डब्यात दोन डोक्यांचे रोलर्स होते, आणि घरात अर्धंच डोकं होतं.

रडून झाल्यावर तिला जोसीचा टोस्ट आठवला. म्हणजे या घटकेला दोन गल्ल्या पलीकडं जोसीसुद्धा अशीच बसली असणार, आणि तिकीट कोटाच्या खिशात. साखरपुडा नाहीये, चल, एवढंच तर सांगायचं होतं. लाज वाटेल, वाटू दे. लाज काय, रविवारपर्यंत निघून जाते.

तिनं पुढचे गुलाबी रोलर्स काढले. वळण सुरेख पडलं होतं. निळा ड्रेस घातला, ओठ रंगवले, मागं रुमाल बांधला, डबा पिशवीत घातला आणि निघाली. वाटेत वाक्य पाठ केलं. साखरपुडा नाहीये, जोसी.

दार जोसीनंच उघडलं. अंगात चमचमता काळा ड्रेस.

"नोरीन! अगं, आणि साखरपुडा?"

"कोण आलंय गं?" आतून आवाज आला. स्वयंपाकघरात पॉलीन बसली होती, नटूनथटून, हातात ग्लास.

"उतरलं हिचं डोकं," जोसी म्हणाली. "चार वाजता जिनचा वास आला आणि उतरलं. चमत्कारच म्हणायचा."

नोरीननं पाठ केलेलं वाक्य गिळलं. "जाता जाता आले," ती म्हणाली. "म्हटलं नवा डबा घेतलाय, तुला दाखवावा."

"देवासारखी आलीस! पुढचं केलंय मी कसंबसं. हिला म्हणतेय माझं मागचं कर, तर हिनं ही एवढी नखं चिकटवून घेतलीत. रोलरला हात लावेल तर शपथ."

"पैसे पडलेत नखांना," पॉलीन म्हणाली.

"बस," नोरीन जोसीला म्हणाली. "तोंड तिकडं कर."

रोलर्स तापेपर्यंत चहा झाला. स्वयंपाकघर गरम होतं, नोरीननं कोट उतरवला, रुमाल सोडून कोटाच्या खिशात कोंबला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. मग जोसीच्या मागं येऊन कंगव्याच्या टोकानं भांग पाडला, बट उचलली, ताणली, गुंडाळली, पिन लावली. दुसरी. तिसरी. हात काहीच विसरले नव्हते. डॉट गेल्यापासून तिनं कुणाच्या डोक्याला हात लावला नव्हता, आणि तिच्या डोक्यालाही कुणाचा हात लागला नव्हता. जोसीनं डोळे मिटले होते. मांजरीसारखी मान खाली सोडून ती म्हणाली, "स्वर्ग आहे गं हा." नोरीनला त्या दोघींच्या मध्ये इतकं एकटं वाटलं, जितकं घरच्या खुर्चीतसुद्धा वाटलं नव्हतं.

रोलर्स गार झाले, काढले. जोसीचे केस मानेवर दाट लाटांनी उतरले. पॉलीननं ग्लास खाली ठेवून टाळ्या वाजवल्या, जपून, नखांमुळं. बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला.

"मी निघते," नोरीन म्हणाली. "मलाही उशीर होतोय." डबा पिशवीत भरला, कोट चढवला, जोसीच्या गालाला गाल लावला आणि पहिली बाहेर पडली.

फाटकापर्यंत पोचली असेल नसेल, तिच्या मानेवर वारा लागला. गार, उघड्या मानेवर. तेव्हा तिला आठवलं की रुमाल खिशातच आहे.

"नोरीन," मागून जोसी म्हणाली. हजार पोरांवरून जाणारा तो आवाज नव्हता. हा तिनं कधी ऐकलाच नव्हता. "तुझं मागचं कुणी केलं?"

दुपारी केलीला दिलेलं उत्तर तयारच होतं. नोरीन वळली नाही.

"कुणी नाही," ती म्हणाली. "डॉट गेल्यापासून कुणीच नाही. भाचीसुद्धा नाहीये, जोसी."

टॅक्सीनं पुन्हा हॉर्न वाजवला. पॉलीन आत बसून ओरडली की मीटर पळतोय. जोसी उंच टाचांवर डुगडुगत फाटकापर्यंत आली. तिनं कणव दाखवली नाही, मिठीही मारली नाही. नोरीनच्या खिशातून लोंबणारा रुमाल ओढला, तिच्या डोक्याला बांधला आणि हनुवटीखाली गाठ मारली, शाळेत लहान पोरांना बांधायची तशी.

"पुढच्या शनिवारी दुपारी ये," ती म्हणाली. "डबा आण. चहा माझा. आणि एक सांगून ठेवते, रोलर्स घालून आलीस तर दारातून परत पाठवीन. ओले केस घेऊन ये."

टॅक्सी गेली. नोरीन कोपऱ्यावरच्या गरम चिप्सच्या दुकानात शिरली, कारण घरी खायला काही केलं नव्हतं. चिप्सवाल्यानं तिचे पुढचे कुरळे केस पाहिले, रंगवलेले ओठ पाहिले आणि शिट्टी घातली.

"ओहो! आज कुठं स्वारी, राणी?"

"घरी," नोरीन म्हणाली, आणि चिप्सवर जास्तीचं व्हिनेगर मागितलं.